सकाळच्या निवेदकाचा अपराध कोणता ?

आमच्या महाविद्यालयांतून दोन वर्षांपूर्वीं पदवी घेऊन गेलेला एक विद्यार्थी मागच्या महिन्यांत घरीं आला होता. मुलगा परतवाड्याचा. आवाज खणखणीत, स्मरण तीव्र, आणि गांवांतील कोणत्याहि माणसाची हुबेहूब नक्कल करण्याची हातोटी. चहा झाल्यावर जरा घुटमळत तो म्हणाला, "सर, आपल्या अचलपुरात रेडिओ निंगाला त मी सकायचा कार्यक्रम करीन म्हन्तो. पन बाबा म्हन्ते, थे काय जिंदगीभर करायचं काम हाय का? तुमाले काय वाट्टे?"

अठ्ठावीस वर्षें मुलांना इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या मला या साध्या प्रश्नाचें उत्तर तत्काल देतां आलें नाहीं. "विचार करून सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. तो विचार करतां करतां जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें. माझ्या मतें या प्रश्नाशीं एका मुलाच्या पोटापाण्याहून बरेंच अधिक कांहीं निगडित आहे.

प्रश्न हवेंतला नव्हता. २८ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें २३४ नव्या शहरांसाठीं ७३० खासगी एफ्. एम्. वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. त्या यादींत वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, लातूर, मालेगांव या नांवांबरोबर अचलपूर हेंहि एक नांव असून त्याच्या वांट्यास तीन वाहिन्या आल्या आहेत. मातृभाषेंतून नवा मजकूर, स्थानिक बोलीस व संस्कृतीस चालना, तरुणांना रोजगार, अशीं प्रयोजनें सरकारनें त्यावेळीं सांगितलीं. प्रयोजनें उत्तम आहेत. त्यांच्या पूर्तीचा मार्ग मात्र सरकारनें स्वतःच अडवून ठेवला आहे, हें मला या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम आपल्याच वर्गाकडे वळूं. आमच्याकडे दर रविवारीं संध्याकाळीं चार मित्र जमतात : एक वकील, एक डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि मी. त्या विद्यार्थ्याची गोष्ट मीं तेथें काढली, तेव्हां तिघांनींहि एकमुखानें कपाळाला हात लावला. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, नागपूरला मुलीकडे गेलों कीं सकाळीं तीं कार्टीं ऐकतों ना मी ! निम्में हिंदी, पाव इंग्रजी, उरलेलें मराठी. एक वाक्य धड नाहीं. नवराबायकोचे विनोद, नटनट्यांच्या भानगडी, आणि मध्यें मध्यें गाद्यांची जाहिरात. याला का कारकीर्द म्हणतात ?" वकीलसाहेबांनीं त्यावर एकाच शब्दांत निकाल दिला : "वाचाळ !"

ही तक्रार खोटी नाहीं. खासगी वाहिन्यांवरील सकाळचा कार्यक्रम बहुधा असाच असतो. तीन-चार तास एका माणसानें अखंड प्रसन्न राहावयाचें, दोन गाण्यांमधील पोकळी शब्दांनीं भरून काढावयाची, कोणाला तरी फोन लावून त्याची फजिती करावयाची, आणि जाहिरातदाराचें नांव विसरावयाचें नाहीं. त्या बोलण्यांत उत्साह असतो; आशय नसतो. माझ्या मित्रांनीं मांडलेला पुरावा मला मान्य आहे. परंतु त्यांनीं आरोपी चुकीचा पकडला आहे. जो माणूस नाइलाजानें वायफळ बोलतो त्याला वाचाळ म्हणण्यापूर्वीं, त्याला दुसरें कांहीं बोलण्याची मुभा आहे काय, याची चौकशी वकिलानें तरी करावयास हवी होती.

ती मुभा त्याला नाहीं. आपल्या देशांत पहिली खासगी एफ्. एम्. वाहिनी ३ जुलै २००१ रोजीं बंगळूर येथें सुरू झाली. तेव्हांपासून आजतागायत खासगी रेडिओस स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. २०११ च्या धोरणानें एवढीच सवलत दिली कीं, आकाशवाणीचें वार्तापत्र एकाहि अक्षराचा फेरफार न करतां जसेंच्या तसें पुनः ऐकवावें. याखेरीज हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकऱ्यांच्या जागा, सांस्कृतिक कार्यक्रम, आणि वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ति व आरोग्य यांसंबंधीं स्थानिक अधिकाऱ्यांनीं दिलेल्या सूचना, एवढ्या गोष्टी "बातमी नव्हे" असें ठरवून मोकळ्या ठेवल्या आहेत.

या नियमाचा व्यवहारांतील अर्थ पाहा. उद्यां अचलपुरांत सकाळचा निवेदक बसला आणि नगरपरिषदेनें कळविलें कीं दोन दिवस नळाला पाणी येणार नाहीं, तर तें त्याला सांगतां येईल. पाणी कां येणार नाहीं, जलवाहिनी कोणी घातली, ती सहा महिन्यांत कशी फुटली, बिल कोणी मंजूर केलें, हें त्यानें विचारलें कीं तो गुन्हेगार. त्यानें दवंडी पिटावी. प्रश्न विचारूं नये. दवंडीवाल्याला निदान गांवकरी चौकांत अडवून "पन काऊन नाई येत पानी ?" असें विचारीत असत. नव्या दवंडीवाल्याला तें ऐकूं आलें तरी न ऐकल्यासारखें करून गाणें लावावें लागेल.

दुसरें उदाहरण येथलेंच घेऊं. अचलपूरची फिनले गिरणी २०२० च्या टाळेबंदींत बंद पडली आणि शेंकडों कामगारांचीं घरें वेतनासाठीं ताटकळलीं. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला, जिची अरुंद लोहवाट १९१३ पासून कापूस वाहण्यासाठीं घातलेली होती, ती थांबली. या दोन्ही गोष्टी प्रत्येक घरांतल्या चुलीपर्यंत पोंचणाऱ्या. त्या काळांत या गांवांत खासगी वाहिनी असती, तर तिच्या निवेदकाला शकुंतलेच्या आठवणींचा गोड कार्यक्रम करतां आला असता. ती कां थांबली याची चर्चा करतां आली नसती. गिरणीच्या कामगाराला त्याचें आवडतें गाणें विचारतां आलें असतें. पगार कधीं मिळाला होता हें विचारतां आलें नसतें. ज्याच्या तोंडून सर्व भरीव विषय काढून घेतले, त्याच्याजवळ नटनट्यांच्या भानगडींशिवाय उरतें काय ?

ही कोंडी किती विचित्र रूप घेते याचें ठळक उदाहरण मुंबईनें २०१७ सालीं पाहिलें. मलिष्का मेंडोन्सा या रेड एफ्. एम्. वरील सकाळच्या निवेदिका. शहर जागें होऊन कामावर निघतें त्या वेळीं गाड्यांतून, रिक्षांतून त्यांचा आवाज ऐकूं येई. त्या वर्षींच्या पावसाळ्यांत मुंबईच्या रस्त्यांवरील खड्ड्यांबद्दल श्रोत्यांचा संताप त्यांना दिसत होता. बातमी देण्यास बंदी. भाष्य करणें धोक्याचें. तेव्हां त्यांनीं एका लोकप्रिय मराठी गाण्याच्या चालीवर महानगरपालिकेची टर उडविणारें विडंबन केलें. तें घरोघर पोंचलें. लगोलग त्यांच्या आईच्या घरीं डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सांपडल्याचा शोध लागून पालिकेची नोटीस आली, आणि सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनीं पांचशें कोटींच्या अब्रूनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. खड्डे बुजविण्याला जी तत्परता सांपडली नव्हती, ती अळ्या शोधण्याला सांपडली.

माझे मित्र म्हणतात, हा थिल्लरपणा आहे. रस्त्याच्या प्रश्नावर गाणीं कसलीं म्हणतां? मी म्हणतों, या एका प्रसंगांत निवेदकाच्या कारकीर्दीची सारी शोकांतिका भरलेली आहे. ज्या बाईच्या एका विडंबनानें देशांतील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका हडबडली, तिला तीच गोष्ट सरळ मराठी गद्यांत, आंकडे देऊन, अधिकाऱ्याला समोर बसवून विचारण्याचा अधिकार नव्हता. राजदरबारांत सत्य बोलण्याची मुभा एकट्या विदूषकाला असे, असें आपण नाटकांतून वाचतों. लोकशाहीनें आपल्या रेडिओसाठीं तीच दरबारी व्यवस्था जपून ठेवली, आणि वर आपण सुशिक्षितांनीं त्या विदूषकाला विदूषक म्हणून नांवें ठेवलीं.

"पण आकाशवाणी आहेच कीं," असें येथें कोणी म्हणेल. आहे, आणि तिच्याविषयीं माझ्या मनांत कृतज्ञता आहे. माझ्या पिढीची सकाळ तिनें घडविली. पुणें केंद्रावरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज महाराष्ट्रांतील अनेक घरांत घड्याळाचें काम करी. तो ऐकूं आला कीं आई डबा भरावयास घेई आणि वडील दाढीचें सामान आवरीत. त्या आवाजांत लाडिकपणा नव्हता, घाई नव्हती, आणि एकाहि शब्दाचा उच्चार गढूळ नव्हता. "सकाळच्या आवाजाची कारकीर्द" म्हणजे काय, हें त्या पिढीनें दाखवून दिलें आहे : वर्षानुवर्षें ठराविक वेळीं येऊन खरें तें सांगणें, आणि त्यायोगें लोकांच्या विश्वासाचें भांडवल जमविणें.

परंतु त्या संस्थेनें आपल्या आवाजांची काय कदर केली ? आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचा सकाळचा भार नैमित्तिक निवेदकांच्या खांद्यावर असतो. महिन्यांतून सहा पाळ्यांची मर्यादा, पाळीगणिक मानधन, कायम होण्याची आशा नाहीं. कित्येकांचें अर्धें आयुष्य यांत गेलें आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यांत उरलेलें. जून २०२३ मध्यें तर पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करून त्याचें काम छत्रपति संभाजीनगरास हलविण्याचा आदेश निघाला. महाराष्ट्रांत ओरड झाली, तेव्हां त्यास स्थगिती मिळाली. ज्या घरांत बातमी सांगण्याची परवानगी आहे, तेथें माणसाला स्थैर्य नाहीं. ज्या घरांत पैसा आहे, तेथें बातमी सांगण्याची परवानगी नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें या दोहोंपैकीं कोणत्या घरीं जावें ?

आतां बंदीच्या समर्थकांचें म्हणणें ऐकूं. ते म्हणतात : रेडिओ निरक्षरापर्यंत पोंचतो, क्षणांत पोंचतो, लहान गांवांत एखाद्या अविचारी निवेदकानें भलतीच बातमी दिली तर दंगा पेटेल. या आक्षेपाकडे मी तुच्छतेनें पाहूं शकत नाहीं, कारण मी अचलपुरांत राहतों. १७ एप्रिल २०२२ च्या रात्रीं येथें दुल्हा दरवाजाजवळ झेंड्यावरून दोन जमावांत दगडफेक झाली आणि अचलपूर-परतवाड्यांत संचारबंदी लागली. ते दिवस आम्हीं दारें लावून काढले. परंतु त्या दिवसांत आमच्या गांवांत एकहि खासगी रेडिओ नव्हता, हें विसरूं नका. मग अफवा नव्हत्या काय ? अफवांचा नुसता पाऊस पडत होता. त्या प्रत्येकाच्या खिशांतील फोनवरून येत होत्या. कोणी लिहिल्या, कोणी पाठविल्या, याला धनी नव्हता. त्या वेळीं मला कशाची उणीव भासली असेल, तर दोन्ही मोहल्ल्यांतील लोक ज्याला नांवानें ओळखतात, ज्याचें रोज सकाळीं ऐकतात, अशा एका माणसानें "अमुक चौकांत मी स्वतः जाऊन आलों, तेथें कांहीं झालेलें नाहीं" एवढें सांगण्याची. रेडिओचें कार्यालय कोठें तें ठाऊक असतें, मालक ठाऊक असतो, परवाना काढून घेतां येतो. जबाबदार तोंड बांधून ठेवावयाचें आणि बेजबाबदार तोंडें मोकळीं सोडावयाचीं, याला सुरक्षिततेचें धोरण कसें म्हणावें ?

दुसरा आक्षेप असा कीं, वाहिन्या धनिकांच्या व पुढाऱ्यांच्या हातीं जातील. जातील, वर्तमानपत्रें कोणाच्या हातीं आहेत? दूरचित्रवाणीच्या बातम्यांच्या वाहिन्या कोणाच्या ? त्यांना परवानगी आहे. कोणीहि उठून वर्तमानपत्र काढूं शकतो, शेंकडों वाहिन्या रात्रंदिवस किंचाळूं शकतात, फोनवरून वाटेल तो वाटेल तें पसरवूं शकतो. मुका ठेवला आहे तो फक्त रेडिओ, म्हणजे जें साधन शेतांत काम करणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, आंधळ्याला आणि अक्षरशत्रूलाहि सर्वांत स्वस्तांत मिळतें तेंच. सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. सार्वजनिक मालमत्तेचा लिलाव करतां येतो, तिच्यावर दरवर्षीं शुल्क घेतां येतें, मात्र तिच्यावरून जनतेला तिच्याच गांवची बातमी ऐकवितां येत नाहीं, हें तर्कशास्त्र मला समजलेलें नाहीं. सरकारच्याच दूरसंचार नियामक प्राधिकरणानें सप्टेंबर २०२३ मध्यें शिफारस केली कीं खासगी वाहिन्यांस दर तासांत दहा मिनिटेंपर्यंत बातम्या व चालू घडामोडी देऊं द्याव्या. मागणी किती माफक पाहा : तासाला दहा मिनिटें !

जगांत काय चालतें तेंहि पाहावें. इंग्लंडांत बी. बी. सी. चा सकाळचा "टुडे" हा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे. जॉन हम्फ्रीज यांनीं १९८७ ते २०१९ अशी बत्तीस वर्षें तेथें मंत्र्यांना प्रश्न विचारले. नोव्हेंबर २०१२ मध्यें त्यांनीं खुद्द बी. बी. सी. च्या महासंचालकाला, म्हणजे आपल्याच धन्याला, सकाळीं असे कांहीं प्रश्न विचारले कीं त्याच संध्याकाळीं महासंचालकानें राजीनामा दिला. याला म्हणतात कारकीर्द. आणि इंग्लंड दूरचें वाटत असेल, तर शेजारचें नेपाळ घ्या. १ फेब्रुवारी २००५ रोजीं राजे ज्ञानेंद्र यांनीं सत्ता हातीं घेतली आणि खासगी एफ्. एम्. वरील बातम्यांवर बंदी घातली. आपल्याकडील वर्तमानपत्रांनीं तिला हुकूमशाही म्हटलें, तें योग्यच होतें. मात्र ज्या बंदीमुळें नेपाळचा राजा हुकूमशहा ठरला, तीच बंदी आपलें प्रजासत्ताक २००१ पासून पाळीत आलें आहे आणि कोणालाहि तिची लाज वाटत नाहीं. सत्तेवर पक्ष आले, गेले. ही मनाई मात्र प्रत्येकानें जिव्हाळ्यानें सांभाळली.

आतां भाषेचा प्रश्न. मुख्याध्यापकांना "शुद्ध" मराठी हवी. मला विचाराल तर खिचडी आणि "शुद्धता" हीं दोन्ही एकाच रोगाचीं लक्षणें आहेत : आपल्या बोलीची लाज. माझ्या त्या विद्यार्थ्यानें एकदां बाहेरगांवच्या एका वाहिनींत आवाजाची चांचणी दिली होती. "आवाज छान आहे, पण ही गांवठी ढब घालवा," असें त्याला सांगण्यांत आलें. ती ढब घालविली तर त्याच्याजवळ राहिलें काय ? तेराव्या शतकांत येथून फारसें दूर नसलेल्या रिद्धपुरास म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा जमविल्या. मराठी गद्याचा तो आरंभ. आणि त्याचें सामर्थ्य कशांत आहे? माणसें जशीं बोललीं तशीं लिहिलीं आहेत यांत. अमरावती जिल्ह्यांतल्या शेंडगांवीं जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तन करीत. त्या कीर्तनाची रीत कोणती ? वऱ्हाडींत श्रोत्याला प्रश्न टाकावयाचा, उत्तर येईपर्यंत थांबावयाचें, आणि उत्तरावर दुसरा प्रश्न टाकावयाचा. कर्ज, दारू, नवस, अस्पृश्यता, कोणताहि विषय त्यांना वर्ज्य नव्हता. चांगल्या निवेदकाला जें जें लागतें तें सर्व त्यांत आहे. शाळेची पायरी न चढलेल्या त्या महापुरुषाला त्याकाळीं कोणी "आधीं भाषा सुधारा, आणि पाण्याशिवाय कशावर बोलूं नका" असें म्हटलें असतें, तर महाराष्ट्राची केवढी हानि झाली असती !

आपण सुशिक्षितांनीं हें समजून घेतलें पाहिजे कीं, निवेदकाची हेटाळणी करून आपण बंदीचेंच काम सुकर करतों. "हे काय बातम्या देणार !" असें आपण म्हणतों, आणि दिल्लीला तेंच हवें असतें. ज्याला कधीं पोहूं दिलें नाहीं, त्याला पोहतां येत नाहीं म्हणून पाण्यांत उतरूं द्यावयाचें नाहीं, असा हा न्याय आहे. प्रारंभीं चुका होतील. वर्तमानपत्रांच्या आरंभींहि झाल्या. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं "दर्पण" काढलें, तेव्हां मराठींत वार्ता कशी लिहावी याचा नमुना कोठें होता ? लिहितां लिहितां ती भाषा घडली. सकाळच्या रेडिओची मराठीहि बोलतां बोलतांच घडेल. तिला बोलण्यासारखें कांहीं द्या म्हणजे झालें.

मागच्या रविवारीं तो विद्यार्थी पुनः आला. या वेळीं मीं उत्तर तयार ठेवलें होतें. मीं म्हटलें, "बाबांना सांग, काम आयुष्यभर करण्यासारखें आहे. पण आज तें काम म्हणून अस्तित्वांत नाहीं; आहे ती फक्त जागा. त्या जागेवर बसशील तर दोन गोष्टी कर. आपली बोली सोडूं नको. आणि दर सकाळीं गाणें लावण्यापूर्वीं तुला जें विचारतां येत नाहीं तें एका वहींत लिहून ठेव. ज्या दिवशीं मनाई उठेल, त्या दिवशीं ती वही उघडून पहिल्या पानापासून सुरुवात कर."

तो हंसून म्हणाला, "सर, थे वही लय जाडी होईन."

होईल. ती जाड होण्यापूर्वीं मनाई उठावी यासाठीं लिहिणें, बोलणें, निवेदनें धाडणें हें आपलें काम आहे. त्या मुलाचें नव्हे. तोंवर वकीलसाहेबांनीं "वाचाळ" हा शब्द राखून ठेवावा. तो कोणाला लावावयाचा, याचा निर्णय निवेदकाला बोलूं दिल्यावर करतां येईल.